अनोळखी माणसाचं पहिलं पत्र: मेलिंग लिस्ट उघडी ठेवून स्पॅम कसा अडवायचा

एक माणूस एक छोटं मुक्त सॉफ्टवेअर वापरत असतो. एके दिवशी त्याच्या लक्षात येतं, की २९ फेब्रुवारी ही तारीख टाकली की फाइल बिघडते. तो प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टचा पत्ता शोधतो, काय केल्यावर काय झालं ते नीट लिहितो, पडद्यावर आलेला एररचा मजकूर जोडतो आणि पत्र पाठवून देतो. दोन मिनिटांत उत्तर येतं: ‘आपण या लिस्टचे सभासद नाही. आपला संदेश नाकारण्यात आला आहे.’ सभासद व्हायचं म्हणजे अर्ज भरा, खात्रीच्या मेलला उत्तर द्या, पासवर्ड ठेवा, आणि मग रोजची सगळी चर्चा इनबॉक्समध्ये झेला. एवढं कोण करतो? तो तिथेच सोडून देतो. सॉफ्टवेअरमधली चूक तशीच राहते, आणि कुणीतरी ती सांगायला आलं होतं हे लिस्टवरच्या एकालाही कळत नाही.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे शेवटचं. स्पॅम आला की सगळ्यांना दिसतो आणि लगेच तक्रारी सुरू होतात. नाकारलेलं खरं पत्र कुणालाच दिसत नाही, म्हणून त्याची तक्रारही येत नाही. ‘फक्त सभासदांनीच लिहावं’ ही सेटिंग एकदा लावली की वर्षानुवर्षं तशीच राहते ती त्यामुळेच. लावणाऱ्याला वाटतं, सगळं सुरळीत चाललंय. माझं म्हणणं असं, की ही सेटिंग चुकीच्या माणसाला अडवते. लिस्ट सगळ्यांना लिहायला मोकळी ठेवूनही स्पॅम सभासदांपर्यंत पोचू न देणं शक्य आहे. काम फार नाही, पण ते योग्य जागी करावं लागतं.

बाहेरचा म्हणजे नक्की कोण?

मेलिंग लिस्टची कल्पना साधी आहे. एक पत्ता असतो. त्यावर आलेलं पत्र लिस्टचं सॉफ्टवेअर सगळ्या सभासदांना पाठवतं. १९८६ साली एरिक थॉमस यांनी लिहिलेल्या लिस्टसर्व्हपासून आजच्या मेलमनपर्यंत मूळ काम तेच राहिलं आहे. हे सॉफ्टवेअर सभासदाला ओळखतं ते त्याच्या ईमेल पत्त्यावरून, आणि पहिली गफलत इथेच होते.

बिगरसभासदांची अडकून पडलेली पत्रं मी पुष्कळ चाळली आहेत. त्यातली बरीचशी सभासदांचीच निघतात! माणूस घरच्या पत्त्यावरून सभासद झालेला असतो आणि लिहितो ऑफिसच्या पत्त्यावरून. किंवा फोनवर चुकून दुसरं खातं निवडलं जातं. सॉफ्टवेअरच्या लेखी तो परका. यावर तोडगा सोपा आहे: दुसरा पत्ताही सभासद म्हणून नोंदवायचा आणि त्या पत्त्यावर पत्रं पाठवणं तेवढं बंद ठेवायचं. मेलमनमध्ये ही सोय आहे. त्याला लिहिता येतं आणि प्रत्येक पत्र दोनदा येत नाही. पण ही सोय आहे हे सभासदांना कुणी सांगतच नाही. लिस्टच्या स्वागताच्या पत्रात दोन ओळी घातल्या तरी अडकलेल्या पत्रांची रांग बरीच कमी होते.

दुसरा प्रकार संभाषणात ओढल्या गेलेल्यांचा. लिस्टवर एखाद्या विषयावर बोलणं चालू असतं, कुणीतरी त्यातल्या जाणकाराला प्रत पाठवतं, जाणकार वेळ काढून सगळ्यांना उत्तर देतो, आणि त्याचं उत्तर लिस्ट परतवून लावते. आपणच प्रश्न विचारायचा आणि उत्तर द्यायला आलेल्याला आत घ्यायचं नाही, हे मला उद्धटपणाचं वाटतं.

तिसरा म्हणजे सुरुवातीला सांगितला तो, चूक कळवणारा. त्याला लिस्टमध्ये राहायचं नसतं. एक गोष्ट सांगून जायचं असतं. सुरक्षेतली फट सापडलेला माणूसही यातच मोडतो, आणि त्याचं पत्र हुकलं तर नुकसान फार मोठं. १९९७ च्या आरएफसी २१४२ या दस्तऐवजाने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) पोस्टमास्टर, अब्यूज, सिक्युरिटी असे ठरावीक पत्ते सुचवून ठेवले आहेत ते अनोळखी माणसाला कुठे लिहायचं ते विचारावं लागू नये म्हणूनच. असे पत्ते लिस्टला जोडलेले असतील तर ते सभासदांपुरते ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

पाकीट आणि आतलं पत्र

आता यंत्र कसं चालतं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे ईमेल जातं ते एसएमटीपी या पद्धतीने. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ मध्ये ती मांडली. नंतर बरीच भर पडली, गाभा तोच राहिला. दोन सर्व्हर एकमेकांशी अक्षरशः बोलतात. येणारा आधी आपलं नाव सांगतो. मग म्हणतो, हे पत्र अमक्या पत्त्याकडून आहे. मग म्हणतो, तमक्या पत्त्याला द्यायचं आहे. प्रत्येक वाक्याला समोरचा तीन अंकी आकड्याने उत्तर देतो. आकडा २ ने सुरू झाला तर ठीक आहे. ४ ने सुरू झाला तर ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने ये’. ५ ने सुरू झाला तर ‘नाही म्हणजे नाही’. दोन्ही पत्ते मान्य झाले की पत्राचा मजकूर येतो, आणि त्यानंतर २५० हा आकडा मिळाला की देवाणघेवाण पुरी झाली.

आधी सांगितलेले ते दोन पत्ते म्हणजे पाकिटावरचे पत्ते. आपण मेल उघडल्यावर वरच्या बाजूला प्रेषक म्हणून जे नाव दिसतं ते आतल्या पत्रावरचं. दोन्ही एकच असले पाहिजेत असा नियम नाही. शिवाय मूळ पद्धतीत या दोन्हींची शहानिशा कुणीच करत नाही. कुणीही कुणाचाही पत्ता लिहू शकतो.

म्हणजे ‘फक्त सभासद’ ही सेटिंग काय करते ते पाहा. ती पत्रावरचं नाव वाचते आणि ते यादीत आहे का एवढंच बघते. लिस्टवरची जुनी पत्रं सगळ्यांना वाचायला खुली असतील तर सभासदांचे पत्ते तिथूनच गोळा करता येतात. त्यातला एक पत्ता पत्रावर लिहिला की स्पॅम बिनबोभाट आत. खरा चूक कळवणारा मात्र आपलं खरं नाव लिहितो आणि बाहेर राहतो.

नकार द्यायचा तर दारातच

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर ते हे. २५० हा आकडा म्हणजे नुसती पोच नव्हे, ती जबाबदारी आहे. तो उच्चारला की पत्र आपलं झालं. आता ते पोचवायचं, किंवा पोचवता आलं नाही तर पाठवणाऱ्याला तसं कळवायचं, हे काम आपल्याकडे आलं. आणि कळवायचं कुणाला? पाकिटावर ज्याचं नाव आहे त्याला. स्पॅममध्ये ते नाव बहुतेक वेळा चोरलेलं असतं. ज्याने काहीच पाठवलं नाही अशा कुणा त्रयस्थाच्या इनबॉक्समध्ये मग ‘आपलं पत्र नाकारलं’ अशी पत्रं पडू लागतात. याला बॅकस्कॅटर म्हणतात. हे वाढलं की आपलाच सर्व्हर उपद्रवी म्हणून काळ्या यादीत जातो, आणि मग सभासदांनाही आपली पत्रं पोचेनाशी होतात.

पत्र अजून दारात असताना, म्हणजे २५० म्हणायच्या आधी, ५५० म्हटलं तर यातलं काहीच होत नाही. आपण कुणालाच पत्र पाठवत नाही. पाठवणारा खरा असेल तर त्याचाच सर्व्हर त्याला कळवतो, की पत्र गेलं नाही, समोरून अमुक कारण आलं. पाठवणारं स्पॅमचं यंत्र असेल तर ते पुढच्या पत्त्याकडे वळतं.

पोस्टेल यांनी ही अडचण एसएमटीपीच्याही आधी, नोव्हेंबर १९७५ मध्ये, आरएफसी ७०६ मध्ये लिहून ठेवली होती. तेव्हाच्या आर्पानेटमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजात, यंत्राला निवडून नकार देण्याची सोयच नव्हती. हवी ती चार पत्रं मिळवण्यासाठी आलेलं सगळं वाचावं लागे. नको असलेल्या पत्राचा खर्च घेणाऱ्याच्या माथी पडतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

आता मेलिंग लिस्टकडे परत येऊ. मेलमन स्वतः दारात उभा नसतो. दारात पोस्टफिक्स किंवा तसाच एखादा मेल सर्व्हर असतो. तो २५० म्हणून पत्र ताब्यात घेतो आणि मग मेलमनकडे देतो. सभासद आहे की नाही हे मेलमन पाहतो, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून मेलमनमध्ये बिगरसभासदांसाठी ‘नाकारा’ हा पर्याय निवडला, की दर स्पॅममागे एक नकाराचं पत्र कुणा निरपराध माणसाला जातं. बिगरसभासदाच्या पत्राचं काय करायचं याला मेलमनमध्ये चार पर्याय असतात: स्वीकारा, रोखून ठेवा, नाकारा, टाकून द्या. माझा सल्ला स्पष्ट आहे. इथे ‘रोखून ठेवा’ निवडा, आणि नकाराचं सगळं काम दारातल्या सर्व्हरकडे सोपवा. पोस्टफिक्समध्ये २००६ पासून मिल्टर नावाची सोय आहे. तिच्यामुळे पत्राचा मजकूर २५० म्हणायच्या आधीच स्पॅम ओळखणाऱ्या गाळणीतून जाऊ शकतो.

मजकूर न वाचता बरंच कळतं

दारातल्या पहिल्या तपासण्या अगदी स्वस्तातल्या आहेत आणि पत्र उघडायच्या आधीच होतात.

एक मला फार आवडते. एसएमटीपीचा शिष्टाचार असा, की आधी यजमान बोलतो आणि मग पाहुणा. पोस्टफिक्सचा पोस्टस्क्रीन हा भाग स्वागताची पहिली ओळ अर्धीच म्हणतो आणि ६ सेकंद थांबतो. खरा मेल सर्व्हर पूर्ण ओळ ऐकेपर्यंत गप्प राहतो. स्पॅम पाठवणाऱ्या यंत्राला तासाभरात लाखभर पत्रं उरकायची असतात, त्यामुळे ते मध्येच बोलू लागतं. तिथेच त्याला ओळखता येतं. पत्रातला एक शब्दही न वाचता!

दुसरी तपासणी काळ्या यादीची. पाठवणाऱ्या यंत्राचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक, स्पॅमसाठी बदनाम आहे का, हे डीएनएस या इंटरनेटच्या नावांच्या सूचीतून एका क्षणात विचारता येतं. १९९७ च्या सुमारास पॉल विक्सी यांनी अशी पहिली यादी चालवली. आज स्पॅमहॉसची यादी सगळ्यात परिचित आहे.

तिसरी ग्रेलिस्टिंग. इव्हान हॅरिस यांनी २००३ मध्ये मांडलेली ही युक्ती एसएमटीपीच्या त्या ४ ने सुरू होणाऱ्या आकड्यावर बेतलेली आहे. पाठवणारा आयपी, पाकिटावरचा प्रेषक आणि प्राप्तकर्ता हे त्रिकूट पूर्वी कधी पाहिलेलं नसेल तर म्हणायचं, ‘आत्ता नाही, नंतर ये.’ खरा सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि पुन्हा येतो. साधारण अर्ध्या तासाने परत प्रयत्न करावा आणि चार-पाच दिवस हार मानू नये, असं एसएमटीपीचा दस्तऐवजच सांगतो. स्पॅमच्या यंत्राला पुन्हा यायला सवड नसते. ही युक्ती आता पूर्वीइतकी धारदार राहिलेली नाही, कारण काही स्पॅमयंत्रं परत यायला शिकली आहेत, आणि मोठ्या मेल कंपन्या दुसऱ्यांदा वेगळ्याच आयपीवरून येतात म्हणून त्यांची खरी पत्रं रेंगाळतात. तरी लिस्टसाठी मला ती पटते. अनोळखी माणसाचं पहिलं पत्र तासभर उशिरा आलं तर काही बिघडत नाही, आणि त्या तासाभरात काळ्या यादीलाही नवा उपद्रवी ओळखायला वेळ मिळतो.

नाव खरं आहे का?

पत्त्याची शहानिशा होत नाही असं वर म्हटलं, ते मूळ पद्धतीपुरतं. नंतर त्यावर तीन ठिगळं लावली गेली. एसपीएफमध्ये प्रत्येक डोमेन (ईमेल पत्त्यातला @ नंतरचा भाग) जाहीर करतं, की माझ्या नावाचं पाकीट कुठल्या यंत्रांकडून येऊ शकतं. डीकिममध्ये पाठवणारा सर्व्हर पत्रावर डिजिटल सही करतो. मजकूर वाटेत बदलला तर सही जुळत नाही. डीमार्क हे २०१२ चं, या दोन्हींना पत्रावर दिसणाऱ्या नावाशी बांधणारं: दोन्हींपैकी एकही त्या नावाशी जुळलं नाही तर काय करायचं, ते डोमेनचा मालक सांगतो.

या तपासण्यांबद्दल एक गैरसमज मी सतत ऐकतो. सही जुळली म्हणजे पत्र चांगलं, असं नाही. स्पॅम पाठवणाराही स्वतःचं डोमेन विकत घेऊन व्यवस्थित सही करू शकतो, आणि करतो. सही एवढंच सांगते, की नाव चोरलेलं नाही. पण आपल्याला तेवढंच हवं असतं. नाव खरं असलं की त्या नावाशी आठवण जोडता येते.

लिस्ट उघडी ठेवण्याचं सगळं गणित माझ्या मते या आठवणीवर आहे. अनोळखी माणूस दर वेळी अनोळखी नसतो. त्याचं पहिलं पत्र एका माणसाने वाचलं, ठीक वाटलं, मंजूर केलं. त्याच क्षणी तो पत्ता ओळखीच्यांच्या यादीत गेला पाहिजे. दुसऱ्यांदा तो लिहील तेव्हा त्याला थांबावं लागू नये. मेलमनमध्ये ज्या बिगरसभासदांचं पत्र थेट घ्यायचं त्यांची यादी ठेवता येते. अट एकच: पत्ता यादीत आहे आणि सही किंवा एसपीएफही जुळतं, तरच थेट आत. नाहीतर ही यादीही ‘फक्त सभासद’ सेटिंगइतकीच पोकळ होईल. सभासदांनाही हाच नियम लावावा.

संभाषणात ओढलेल्या माणसासाठी तर पहिल्या पत्रालाही थांबायची गरज नाही. प्रत्येक ईमेलला मेसेज-आयडी नावाचा स्वतःचा क्रमांक असतो, आणि उत्तरात ‘इन-रिप्लाय-टू’ या ओळीत तो मागचा क्रमांक येतो. लिस्टवरच्या एका पत्राची प्रत अमक्याला गेली होती. आता त्याच अमक्याकडून, त्याच क्रमांकाचा हवाला देणारं, सही जुळणारं उत्तर आलं आहे. याहून चांगली शिफारस कुठली? नुसता क्रमांक पुरेसा नाही, कारण तो जुन्या पत्रांतून उचलता येतो. क्रमांक आणि पत्ता दोन्ही जुळले पाहिजेत. त्यासाठी थोडी जोडणी स्वतः लिहावी लागते, पण एका दुपारचं काम आहे.

मजकूर वाचणारी गाळणी

दारातल्या तपासण्यांतून सुटलेलं पत्र वाचावं लागतं. स्पॅमअसॅसिनसारखी गाळणी प्रत्येक संशयास्पद खुणेला गुण देते आणि बेरीज ५ वर गेली की पत्राला स्पॅम म्हणते. त्यातलाच एक भाग शब्दांच्या संभाव्यतेवर चालतो. पॉल ग्रॅहॅम यांनी ऑगस्ट २००२ मध्ये लिहिलेल्या निबंधामुळे ही पद्धत घरोघरी पोचली: आधीचा स्पॅम आणि आधीची खरी पत्रं यांत कुठला शब्द किती वेळा येतो ते मोजायचं आणि नव्या पत्राचं वजन त्यावरून काढायचं.

इथे मेलिंग लिस्टला एक मोठा फायदा आहे, आणि त्याचा वापर फार कमी लोक करतात. एखाद्याच्या खासगी इनबॉक्समध्ये काहीही येऊ शकतं: बिलं, निमंत्रणं, भांडणं, जाहिराती. लिस्टचा विषय मात्र अरुंद असतो. तारखांचं सॉफ्टवेअर असेल तर खऱ्या पत्रात फाइलींची नावं, आवृत्तीचे आकडे, एररच्या ओळी, त्या क्षेत्रातले शब्द येणारच. कर्ज किंवा औषधं विकणाऱ्याला ते शब्द माहीत नसतात. म्हणून गाळणीला लिस्टच्याच जुन्या पत्रांवर शिकवलं तर ती तयार गाळणीपेक्षा कितीतरी अचूक निघते. वर्षानुवर्षांची पत्रं साठवलेली असतात. शिकवायला आणखी काय हवं?

तरी गाळणीवर सगळं सोडू नये. समजा, दिवसाला बाहेरून १०० पत्रं येतात आणि त्यातलं एक खरं असतं. गाळणी ९९ टक्के अचूक आहे असं धरू. ९९ स्पॅमपैकी साधारण एक तिच्यातून निसटेल. म्हणजे ‘ठीक’ म्हणून पुढे आलेल्या दोन पत्रांपैकी एक स्पॅम! तेच थेट लिस्टवर गेलं तर सभासद ओरडतील. पण तीच दोन पत्रं एका माणसासमोर ठेवली तर त्याला दिवसाला दोन पत्रं वाचायची आहेत, शंभर नाहीत. गाळणीचं खरं काम माणसाचा वेळ वाचवणं आहे.

म्हणून एक रेषा आखावी, बरीच वर. गुण फारच वर गेले तर दारातच ५५०. त्याखालची अनोळखी पत्रं रांगेत, माणसासाठी.

रांगेवर बसलेला माणूस

ज्याला मॉडरेटर म्हणतात त्याचं काम किती कंटाळवाणं असतं ते केल्याशिवाय कळत नाही. रांगेत ऐंशी पत्रं असतील आणि त्यातली एकोणऐंशी कचरा असेल, तर तिसऱ्या दिवसापासून माणूस विषयाची ओळसुद्धा वाचत नाही. सगळी निवडतो आणि टाकून देतो. ऐंशीवं पत्र त्यातच जातं. हे मी स्वतः केलेलं आहे, आणि एका माणसाने महिन्याभराने दुसऱ्या मार्गाने विचारलं तेव्हा मला त्याचं पत्र कुठे गेलं ते कळलं. त्यात दोष आळसाचा कमी आणि भरलेल्या रांगेचा जास्त असतो. रांग दहाच्या आत राहत नसेल तर मॉडरेटरला दटावून उपयोग नाही, दारातल्या तपासण्या कुठे ढिल्या आहेत ते पाहावं.

रांगेवर एकाऐवजी दोघं-तिघं असावेत, आणि शक्यतो वेगवेगळ्या वेळी जागे असणारे.

पत्र रोखून ठेवलं की लिहिणाऱ्याला तसं आपोआप कळवावं का? यावर मतभेद आहेत. कळवलं नाही तर बिचारा तेच पत्र तीनदा पाठवतो. सरसकट कळवलं तर पुन्हा बॅकस्कॅटर. माझा मार्ग असा: सही किंवा एसपीएफ जुळलं तरच कळवायचं. शिवाय २००४ च्या आरएफसी ३८३४ चे नियम पाळायचे. उत्तर पाकिटावरच्या पत्त्यालाच द्यायचं, ते यंत्राने पाठवलं आहे अशी ‘ऑटो-सबमिटेड’ ही ओळ त्यात घालायची, आणि पाकिटावर प्रेषक रिकामा असेल तर गप्प बसायचं. नाहीतर दोन यंत्रं एकमेकांना आभाराची पत्रं पाठवत राहतात.

माणसाऐवजी पाठवणाऱ्यालाच काम लावण्याचा एक मार्ग आहे. पहिल्या पत्राला उत्तर जातं, ‘हे आपणच लिहिलं असेल तर या दुव्यावर जा’. तो गेला की पत्र पुढे सरकतं. डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या लिस्टांवर पहिल्यांदा लिहिणाऱ्याला ‘माझं पत्र सार्वजनिक साठ्यात ठेवायला हरकत नाही’ अशी संमती द्यावी लागते. हेतू संमतीचा, पण स्पॅमचं यंत्र त्या पायरीवर अडखळतं. दोष असे, की खात्रीचं पत्र स्वतःच कधी लिहिणाऱ्याच्या स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडतं, आणि चोरलेल्या नावांना पाठवलं तर तेही बॅकस्कॅटरच. मी ते दुसऱ्या पसंतीचं समजतो.

लिस्ट उघडी ठेवली की उत्तरांचाही विचार करा

बाहेरच्याचं पत्र लिस्टवर आलं, कुणीतरी छान उत्तर दिलं, आणि ते उत्तर फक्त सभासदांना गेलं. विचारणारा वाट पाहत बसला. हे फार वेळा घडतं. काही लिस्ट ‘उत्तर इथे द्या’ या ओळीत स्वतःचा पत्ता घालतात. मग मेल प्रोग्रॅम मूळ लिहिणाऱ्याला वगळतो. लिस्ट उघडी ठेवायची असेल तर ही सेटिंग बंद करा.

लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, लिस्टा बिगरसभासदांना खुल्या आहेत, आणि तिथली रीत सगळ्यांना उत्तर द्यायची आहे. त्यामुळे बाहेरच्याला त्याचं उत्तर मिळतं. तिथे पत्र साध्या मजकुरात लागतं, एचटीएमएल (रंग, चित्रं, मांडणी असलेला वेबपानासारखा मजकूर) असेल तर परत जातं. त्या एका नियमाने जाहिरातींचा मोठा भाग कटतो. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या प्रकल्पाच्याही बहुतेक लिस्टा खुल्या आहेत, पण रीत उलटी: लिहिणाऱ्याने स्वतः मागितल्याशिवाय त्याला वेगळी प्रत पाठवायची नाही. कुठलीही रीत चालेल. बाहेरच्या माणसाला ती आधी कळली पाहिजे, एवढंच.

लिस्टच्या बाजूनेही एक पथ्य. विषयाच्या आधी कंसात लिस्टचं नाव आणि तळाशी चार ओळी जोडल्या की मूळ डीकिम सही मोडते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्कचं कडक धोरण लावलं, तेव्हा जगभरच्या लिस्टांवरून गेलेली याहू सभासदांची पत्रं धडाधड परत येऊ लागली होती. यावर २०१९ मध्ये एआरसी नावाची पद्धत आरएफसी ८६१७ मध्ये आली, मधल्या सर्व्हरने आपली साक्ष जोडण्याची. पण सगळ्यात सोपं म्हणजे मजकुराला हातच लावू नये. लिस्टचं नाव ‘लिस्ट-आयडी’ या ओळीत असतंच आणि मेल प्रोग्रॅम त्यावरून पत्रं वेगळी करू शकतात.

इतकं करूनही कधीतरी एक खरं पत्र दारात अडेल. त्या माणसाला आपल्याकडून मिळणारा एकमेव मजकूर म्हणजे ५५० या आकड्यापुढे लिहिलेली ओळ, कारण त्याचा सर्व्हर ती ओळ जशीच्या तशी त्याला दाखवतो. बहुतेक ठिकाणी तिथे ‘धोरणानुसार नाकारलं’ एवढंच असतं. त्या जागी माणसाला समजेल असं लिहिता येतं. मी लावलेली ओळ अशी आहे: ‘आमच्या यंत्राला हे पत्र स्पॅम वाटलं. ते चुकलं असेल तर जोडलेल्या फाइली काढून साध्या मजकुरात पोस्टमास्टरच्या पत्त्यावर लिहा, तिथलं प्रत्येक पत्र माणूस वाचतो.’